सुपारी कुणाला लागते?

कुत्र्याला आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवायचं. सकाळी साखळीनं खुंटाला बांधायचं, वजन करायचं, वजनाच्या हिशेबानं गोळी पाण्यात विरघळवून घशात सोडायची आणि बाजूला व्हायचं. थोड्याच वेळात त्याच्या तोंडाला लाळेच्या तारा लागतात. ते अस्वस्थ होतं, पोट आत ओढतं, जागच्या जागी फिरू लागतं. मग आधी घट्ट शी, तिच्यामागून पातळ, आणि शेवटी नुसता बुळबुळीत शेंबडासारखा पदार्थ.

"तो शेवटचा शेंबूडच आम्हाला हवा असायचा," सातारा जिल्ह्यात आयुष्य काढलेले एक निवृत्त पशुवैद्य मला सांगत होते. "काळ्या ट्रेमध्ये पाण्यात तो ढवळला की पांढरे जंत उठून दिसतात. काही तर तांदळाच्या कणीपेक्षाही बारीक. हातात मोजे, पायात गमबूट, तोंडाला फडकं. काम झालं की त्या जागेवर रॉकेल ओतून जाळायचं."

जाळायचं कशाला?

"कारण या औषधानं जंत मरत नाही हो. नुसता सुटतो. आणि त्याची अंडी तर ठणठणीत असतात."

औषधाचं नाव अरेकोलिन हायड्रोब्रोमाइड. अरेकोलिन म्हणजे सुपारीतलं मुख्य अल्कलॉइड. संपादकांनी यंदाच्या अंकाचा विषय 'विष' असल्याचं कळवलं तेव्हा माझ्या डोक्यात साप-विंचू होते. पण डॉक्टरांचं बोलणं ऐकल्यावर पानाच्या तबकातल्या या विषाचा माग काढावा असं वाटलं.

रोठ्याच्या वाडीत

श्रीवर्धनची रोठा सुपारी नावाजलेली. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं सुपारी संशोधन केंद्रही याच गावात आहे. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ या किनाऱ्यावर आदळलं, तेव्हा पोफळी मधूनच मोडून पडल्या. नव्यानं लावलेली झाडं धरू लागायला सहा-सात वर्षं जातात, त्यामुळे वाडीत उंच जुन्या पोफळींच्या मध्ये अजून उघडं आभाळ दिसतं.

मी गेलो तेव्हा अंगणात केशरी फळं वाळत पसरली होती. वाळायला महिना-दीड महिना लागतो, मग ती सोलायची. बागायतदारांच्या आईंनी ताज्या फळाची ओली सुपारी कातरून माझ्यापुढे धरली आणि लगेच हात मागेही घेतला. "सवय नसेल तर नको. लागेल तुम्हाला."

सुपारी लागणं मराठी घरात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. कानशिलं गरम होतात, दरदरून घाम फुटतो, छातीवर दडपण येतं, गरगरतं. मग कुणीतरी साखर आणतं, कुणी पाणी, आणि दहा-पंधरा मिनिटांत माणूस ओशाळं हसून उठून बसतो. औषधशास्त्राच्या पुस्तकात अरेकोलिनचे परिणाम म्हणून जी यादी दिलेली असते, ती जवळपास हीच: लाळ, घाम, आतड्याची जोरदार हालचाल, मंदावलेलं हृदय.

"चिकणी नाही लागत," आजी म्हणाल्या. तेही बरोबरच. चिकणी सुपारी उकळून केलेली असते आणि उकळताना अल्कलॉइडचा बराच भाग पाण्यात उतरतो. वाळल्या सुपारीत अरेकोलिन वजनाच्या एक टक्क्याहूनही कमी असतं. चुना लागला की त्यातल्या काही भागाचं अरेकायडिन होतं, आणि त्याचा मेंदूवरचा परिणाम वेगळा. विड्यात कोण कुणाशी काय करतं, याचा हिशेब रसायनशास्त्रज्ञांनाही सोपा गेलेला नाही. अरेकोलिन वेगळं काढलं जर्मनीतल्या यान्सनं, 1888 साली. कुत्र्यांचे जंत पाडायला सुपारीची पूड मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून वापरात होती. व्हिक्टोरियन इंग्लंडमधले शिकारी कुत्र्यांचे शौकीन ती हिंदुस्थानातून आलेल्या मालातून विकत घेत. 

एकच निरोप, दोन अर्थ

कुत्र्याच्या पोटातून पडणारा तो जंत म्हणजे पट्टकृमी. त्याला तोंड नाही, पोट नाही, आतडं नाही. तो दुसऱ्याच्या आतड्यात राहतो आणि पचलेलं अन्न कातडीवाटे शोषतो. आतडं मात्र सतत पुढं ढकलत असतं. त्या प्रवाहात टिकायचं तर धरून राहणं एवढंच त्याच्या हाती असतं, म्हणून त्याच्या डोक्यावर चूषकं असतात आणि बऱ्याच जातींत आकड्यांचं कडंही. पकड सुटली की वाहून जायला वेळ लागत नाही. त्याला मारायची गरजच नाही. काही मिनिटं त्याचे स्नायू ढिले पडले आणि नेमकी तेव्हाच आतड्याची लाट आली, की काम झालं.

अरेकोलिन या दोन्ही गोष्टी एका झटक्यात करतं, आणि तेही एकाच युक्तीनं. शरीरातल्या नसा स्नायूंना निरोप देतात त्यातला एक निरोप्या म्हणजे ॲसिटिलकोलिन. अरेकोलिन त्याचं सोंग घेतं. कुत्र्याच्या आतड्याच्या स्नायूला तो निरोप मिळाला की आतडं आवळतं, ढकलू लागतं. पट्टकृमीत मात्र त्याच निरोपाचा अर्थ उलटा आहे. चपट्या कृमींच्या स्नायूंना ॲसिटिलकोलिन साधारणपणे 'सैल सोड' म्हणून सांगतं. म्हणजे एकच पदार्थ यजमानाला म्हणतो 'लोट', आणि पाहुण्याला म्हणतो 'सोड'.

मला या साऱ्या प्रकरणात सगळ्यात देखणी वाटली ती ही उलटापालट. पण तिच्यातच या औषधाची मर्यादाही आहे. कुत्र्याला जुलाब झालेच नाहीत, आणि काही कुत्र्यांना खरोखरच होत नाहीत, तर सैल पडलेला जंत थोड्या वेळानं भानावर येतो आणि पुन्हा धरून बसतो. औषध उतरलं की खेळ संपला. शिवाय अरेकोलिन आतड्यापुरतं थांबत नाही. ते हृदयाला गाठतं, श्वासनलिकेला गाठतं. मांजराला तर द्यायचंच नाही. फुप्फुसात पाणी सुटून ते दगावू शकतं. गाभण कुत्रीला नाही, म्हाताऱ्या कुत्र्याला जपून. "खिशात ॲट्रोपिनचं इंजेक्शन घेतल्याशिवाय मी ती गोळी कधी दिली नाही," डॉक्टर म्हणाले. ॲट्रोपिन हेही वनस्पतीतलंच अल्कलॉइड, धोतऱ्याच्या गोतातलं. एका झाडाच्या विषावर दुसऱ्या झाडाचं विष.

गोलकृमींची, म्हणजे आपल्याकडच्या मुलांच्या पोटात सापडणाऱ्या जंतांची, तऱ्हा अगदी निराळी. आपल्या शरीरात नस स्नायूपर्यंत जाते. गोलकृमीत स्नायूच हात लांब करून नसेपर्यंत पोचतो; वस्तीतल्या घरांनी विजेच्या तारेवर आकडे टाकावेत तसा. आणि त्यांच्यात ॲसिटिलकोलिन आवळायचा निरोप देतं. त्यामुळे तंबाखूतल्या निकोटीनसारखा पदार्थ गोलकृमीला ताठ करतो. जुन्या काळी परदेशात मेंढ्यांना निकोटीन सल्फेट मोरचुदाबरोबर पाजत ते याच भरवशावर. मेंढीही अधूनमधून त्यात जायची.

कुत्र्यांची परेड

जंत पाडायला एवढी यातायात का, तर एका जंतासाठी. एकायनोकॉकस ग्रॅन्युलोसस. दोन ते सात मिलिमीटर लांबीचा. कुत्र्याच्या पोटात हे हजारोंनी असले तरी कुत्रं मजेत असतं. या जंताची अंडी गवतावरून मेंढीच्या पोटात गेली, किंवा हातावरून माणसाच्या, की यकृतात, फुप्फुसात पाण्यानं भरलेली गाठ वाढू लागते: हायडॅटिड. मेंढी कापली, गाठीचं यकृत कुत्र्यापुढे टाकलं, की चक्र पुरं. महाराष्ट्रात मेंढरांमागे कुत्री असतात, आणि खाटीकखान्याच्या मागेही. सर्जनना ही गाठ अनोळखी नाही.

अरेकोलिनचा मोठा वापर झाला तो न्यूझीलंडमध्ये. 1959 साली तिथं हायडॅटिडचा खास कायदा झाला आणि गावोगावच्या ठरलेल्या पट्ट्यांवर शेतकऱ्यांनी आपली कुत्री आणून उभी करायची, असा शिरस्ता पडला. कुत्र्यांना अरेकोलिन पाजायचं, जे पडेल ते तपासायचं. जंत पाडणं हा त्यातला दुय्यम भाग होता. शेजाऱ्यापाजाऱ्यांसमोर आपल्या कुत्र्याच्या पोटातून जंत निघतात हे पाहिलेला शेतकरी पुढच्या खेपेपर्यंत कच्चं काळीज कुत्र्याला घालणं बंद करी. टास्मानियातही हीच पद्धत राबवली गेली. 2002 मध्ये न्यूझीलंडनं या रोगापासून तूर्त मुक्त झाल्याचं जाहीर केलं. तोवर गोळी बदलली होती. प्राझिक्वांटेल 1970च्या दशकात आलं. ते पट्टकृमीच्या स्नायूपेशींत कॅल्शियमचा पूर आणतं, त्याला आखडून टाकतं, त्याची कातडी फाडतं, आणि यजमानाला जुलाब लागत नाहीत.

"एकच पंचाईत," डॉक्टर हसले. "मेलेला जंत आतच पचून जातो. मालक विचारतो, साहेब, काही पडलं नाही, औषध खोटं होतं का?"

चीनमध्ये माणसांसाठी सुपारी अजून औषधकोशात आहे, पण एकटी नाही. तिथल्या वैद्यांनी ती भोपळ्याच्या बियांबरोबर दिली. 1950च्या दशकातल्या तिथल्या प्रयोगांचं सांगणं असं, की सुपारी जंताचं डोकं आणि पुढचा भाग सैल करते आणि बिया मधला-मागचा. सिचुआनमधल्या तिबेटी वस्तीत अलीकडे पुन्हा पाहिलं तेव्हाही दोन्ही मिळून दिल्यावर अधिक लोकांचे अखंड जंत पडले, एकेकटं दिल्यावर कमी. डोकं मागे राहिलं तर जंत पुन्हा वाढतो, म्हणून 'अखंड' हा शब्द महत्त्वाचा.

कोंबडीचं आतडं आणि गांडूळ

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका फार्मसी कॉलेजात सरांनी मला प्रत्यक्ष दाखवलं. कोंबडीवाल्याकडून सकाळीच आणलेल्या आतड्याचा दोन-तीन सेंटिमीटरचा तुकडा, आतून धुतलेला, दोन टोकांना दोरे. तो काचेच्या नळीत टायरोड नावाच्या क्षारद्रावणात टांगलेला. पाणी 37 अंशांवर, खालून हवेचे बुडबुडे. वरचा दोरा एका तरफेला, तरफेचं टोक धुरानं काळ्या केलेल्या कागदाच्या फिरत्या ड्रमला टेकलेलं. बेडूक कापणं बंद झाल्यापासून असे प्रयोग कोंबडीवर आले. नव्या कॉलेजांत हे सगळं संगणकाच्या पडद्यावर होतं, पण सरांचा जीव ड्रमवर.

एका विद्यार्थिनीनं सुपारी पाण्यात भिजवून गाळून ठेवली होती. तिचे काही थेंब नळीत पडले. सेकंद-दोन सेकंद काही नाही, मग तरफ उचलली गेली आणि काळ्या कागदावर पांढरी रेघ टेकडीसारखी चढली. द्रावण बदलून आतडं धुतलं, रेघ खाली आली. मग आधी ॲट्रोपिन आणि नंतर तेच सुपारीचं पाणी. रेघ सरळच राहिली. कुत्र्याच्या खुंटाजवळ जे घडत होतं, ते इथं कोंबडीच्या बोटभर आतड्यात.

पलीकडच्या टेबलावर मात्र मला खटकलेलं दृश्य होतं. वनस्पतींचे अर्क जंतांवर चालतात का, हे पाहायला आपल्याकडची बहुतेक कॉलेजं गांडुळं वापरतात. बशीत अर्क, बशीत गांडूळ, हातात घड्याळ. गांडूळ हलायचं थांबलं ती 'लुळं पडण्याची वेळ'. गरम पाण्यात टाकूनही हललं नाही ती 'मरणाची वेळ'. तुलनेला पिपेरॅझिन किंवा अल्बेंडाझोल. असे शोधनिबंध आपल्याकडे ढिगानं निघतात. गांडूळ स्वस्त आहे, मिळतं, आणि दिसायला जंतासारखं आहे. पण ते परजीवी नाही, त्याची कातडी वेगळी, आणि पट्टकृमीला सैल करणारा निरोप त्याच्या स्नायूला आवळतो. शिवाय कोणतंही जहाल द्रावण गांडुळाला मारतंच. प्रश्न जंत मरतो का हा नसून यजमानाच्या स्नायूला न दुखवता मरतो का, हा असतो. गांडुळाच्या बशीशेजारी कोंबडीचं आतडं टांगलेलं होतंच. दोन टेबलांमधलं अंतर चार पावलांचं. ते कुणी ओलांडताना दिसलं नाही.

मुळाची साल

सोलापुरात डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे, सांगोल्याकडे बागाच बागा. तेल्या किंवा मर रोगानं बाग गेली की शेतकरी झाडं उपटतो आणि मुळं चुलीत जातात. त्या मुळांच्या सालीत पेलेटिअरीन असतं, पट्टकृमीवरचं एके काळचं नामांकित अल्कलॉइड. फळात ते नाही, तेव्हा डाळिंबाचे दाणे खाऊन जंत जातील ही आशा नको. सालीच्या काढ्याचा गुण इथल्या लोकांना ठाऊक आहे, हे कलकत्त्याच्या डॉ. ब्युकॅनननं एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी युरोपला कळवलं. फ्रान्सच्या तान्रेनं 1878च्या सुमारास त्यातलं अल्कलॉइड वेगळं केलं आणि क्विनीन शोधणाऱ्या पेलेटिएचं नाव त्याला दिलं.

पेलेटिअरीननं जंत लुळा पडतो, पण जास्त झालं तर रोगीही: पायातलं बळ जातं, डोळ्यांपुढे धूसर होतं. जुन्या वैद्यकानं यावर काढलेली तोड मोठी शहाणपणाची होती. अल्कलॉइड शुद्ध न देता टॅनिनशी बांधून द्यायचं. टॅनेट पाण्यात विरघळत नाही, रक्तात फारसं उतरत नाही, आतड्यातच रेंगाळतं, जिथं जंत आहे. विषाला शत्रू-मित्र ओळखता येत नसतील तर त्याला मित्राच्या घरात शिरूच द्यायचं नाही. आजचं पायरँटेल पामोएटही असंच न विरघळणारं मीठ आहे.

दुसरी वाट विषालाच ओळख शिकवण्याची. लेव्हामिझोल वनस्पतीतलं नाही, बेल्जियमच्या यान्सेन प्रयोगशाळेतलं, 1960च्या दशकातलं. पण त्याची चाल निकोटीनचीच. फरक एवढा, की ते गोलकृमीच्या स्नायूवर जितक्या थोड्या मात्रेत बसतं, त्याहून पुष्कळ जास्त मात्रा मेंढीच्या स्नायूला लागते. ही दरी फार रुंद नाही. पावसाळ्याच्या तोंडावर डोस पाजताना मेंढपाळ वजन डोळ्यांनी जोखतो, आणि लहान कोकराला मोठ्याचा डोस गेला की ते थरथरतं, लाळ गाळतं, पाय फाकून उभं राहतं. सुपारी लागल्यासारखंच.

तीन बोटं

नागपूरच्या एका दंतचिकित्सालयात बाकावर बसलेला तरुण विशीतला होता. तक्रार काय, तर पाणीपुरी तोंडात जात नाही. मिरची सहन होत नाही, फुगा फुगवता येत नाही, शिट्टी वाजत नाही. डॉक्टरांनी पट्टी लावली: वरच्या-खालच्या दातांमध्ये एकोणीस मिलिमीटर. निरोगी माणसाचं चाळिशीच्या आसपास असतं. गालाच्या आत पांढुरके, ताणलेले पट्टे. बोट फिरवलं की दोऱ्या हाताला लागाव्यात तसे.

"खर्रा किती?"

"पहिले चार-पाच. आता दोनच खातो, मॅडम."

विदर्भात पानठेल्यावर प्लास्टिकच्या तुकड्यात सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून खर्रा मिळतो, आणि त्यात वजनानं सगळ्यात जास्त सुपारीच असते. रोगाचं नाव ओरल सबम्यूकस फायब्रोसिस. 1952 साली श्वार्त्झ यांनी पूर्व आफ्रिकेतल्या पाच भारतीय स्त्रियांमध्ये तो नोंदवला. पुढच्याच वर्षी मुंबईच्या डॉ. जोशींनी त्याला आजचं नाव दिलं. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या दंतसंशोधकांनी केरळातल्या अशा रुग्णांचा सतरा वर्षं पाठपुरावा केला, तेव्हा त्यातल्या 7.6 टक्क्यांना तोंडाचा कर्करोग झाला.

इथं अरेकोलिनचं काम वेगळ्याच संथ गतीनं चालतं. कुत्र्याच्या पोटातला परिणाम मिनिटांचा, उतरून जाणारा. गालात सुपारी रोज तासन् तास दाबून धरली की ते तिथल्या तंतुपेशींना कोलॅजन तयार करत राहायला भाग पाडतं. सुपारीत तांबंही भरपूर. ते कोलॅजनच्या धाग्यांना एकमेकांशी पक्के जोडणाऱ्या विकराला बळ देतं. जुनं कोलॅजन मोडायची यंत्रणा मंदावते. अस्तर कडक होतं, मग त्याखालचे चावण्याचे स्नायू त्या जाळ्यात अडकतात, त्यांचे तंतू झिजतात. तैवानमधल्या प्रयोगांत उंदराच्या कोवळ्या स्नायुपेशी अरेकोलिनमध्ये वाढवल्या, तर त्या परिपक्व स्नायू बनायच्या थांबल्या. जंताची पकड सोडवणारा पदार्थ माणसाचा जबडा धरून ठेवतो तो असा.

'नुसती सुपारी खातो, तंबाखू नाही' असं अभिमानानं सांगणारे मला या शोधात जागोजागी भेटले. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं 2004 मध्ये तंबाखूशिवायची सुपारीही माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातली. महाराष्ट्रात 2012 पासून गुटख्यावर बंदी आहे, पण ठेल्यावर सुपारी घोटायला पुडी फाडावी लागत नाही.

डॉक्टरांनी त्या तरुणाच्या दातांमध्ये आइसक्रीमच्या चपट्या काड्या एकावर एक सरकवल्या आणि आणखी एक मावते का पाहिलं. घरी रोज असंच करायचं, आठवड्याला एक काडी वाढवायची. सोबत इंजेक्शनं, गोळ्या. फारच आवळलं तर शस्त्रक्रिया. पण खर्रा सुटला नाही तर यातलं काहीच टिकत नाही, आणि सुटला तरी झालेला कडकपणा पुरता जात नाही, फक्त पुढं वाढायचा थांबण्याची आशा असते.

तेव्हा वाचकहो, दोन कामं करा. घरात कुत्रा असेल तर पशुवैद्याला विचारून त्याला पट्टकृमीचं औषध ठरलेल्या वेळी द्या, सुपारीची पूड तुपात कालवून नको, आणि कच्चं काळीज-फुप्फुस त्याच्यापुढे टाकू नका. दुसरं, घरात कुणी सुपारी, खर्रा किंवा सुगंधी मुखशुद्धी खात असेल, तर त्याला तीन बोटं उभी एकावर एक धरून तोंडात घालून पाहायला सांगा. जात नसतील, किंवा साध्या भाजीनंही गालात आग होत असेल, तर त्याच आठवड्यात दातांच्या डॉक्टरकडे न्या.